तारेला बांधलेलं हरिकेन

माझा मित्र मास्तर आहे, आणि दर एप्रिलला तो मास्तर राहत नाही. याला आमच्याकडं 'तासिका तत्त्व' म्हणतात. तत्त्व! लुटीला तत्त्व म्हणायची हिंमत फक्त शिक्षण संस्थांकडंच आहे. जूनमध्ये ऑर्डर मिळते, एप्रिलमध्ये संपते, आणि मधल्या उन्हाळ्यात एमएस्सी बीएड झालेला माणूस माजलगावात बापाच्या गॅरेजात बसून प्लग घासतो. पुढच्या जूनला बोलावतील का, एवढा एकच विचार करत.

मी पत्रकं लिहितो. आमची चार-दोन पोरांची संघटना आहे, ऑफिस नाही, पाटी नाही, झेरॉक्सवाला उधार देतो म्हणून चालते. तासिकेवरच्या मास्तरांवर मी इतकी पत्रकं काढली की बसस्टँडवरचे भजेवाले मला ओळखतात, कारण माझी पत्रकं शेवटी त्यांच्याच भज्याखाली जातात. त्या पत्रकांनी आजवर कुणाची ऑर्डर निघाली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला त्यावरून टोमणा मारायला नको. तरी मित्रानं मारलाच, ते पुढं येईल.

तर त्या वर्षी तेलगाव रोडवरच्या त्याच्या शाळेत विज्ञानाचे जुने सर मे महिन्यात रिटायर होणार होते. एक जागा मोकळी होणार होती, कायमची, अनुदानातली. मित्रानं संस्थाचालकांची गाठ घेतली. संस्थाचालक म्हणजे साहेब. आमच्या तालुक्यात एकाच माणसाची शाळा असते, त्याचीच पतसंस्था असते, कारखान्यावर तोच संचालक असतो, आणि सगळे त्याला साहेब म्हणतात. साहेबांनी मित्राला बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "सर, नुसतं शिकवून काय व्हतंय? गॅदरिंगला असं काही करून दाखवा की तालुक्यात नाव निघालं पायजे संस्थेचं. मग बघू."

'मग बघू'. या दोन शब्दांवर आमच्या जिल्ह्यातली एक अख्खी पिढी म्हातारी झाली.

मित्र तिथून थेट माझ्याकडं आला. डोळे चमकत होते. म्हणाला, "विमान उडवतो."

"डोकं फिरलं का बे?"

"हरिकेन. दुसऱ्या महायुद्धातलं. तारेवरचं."

त्याच्याकडं एक छोटं इंजिन होतं, मुठीत मावणारं. कॉलेजात असताना हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेलं. इतकी वर्षं ते गॅरेजातल्या फळीवर तेलाच्या फडक्यात गुंडाळून पडलेलं. ते तो वरचेवर काढून पुसायचा आणि परत ठेवायचा, बस. आता त्याला त्या इंजिनाचं कारण सापडलं होतं.

तारेवरचं विमान म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही ठाऊक नव्हतं. हे रिमोटचं नव्हे आणि ड्रोन तर नव्हेच. याला दोन बारीक पोलादी तारा असतात. उडवणारा मधोमध उभा राहतो, त्याच्या हातात तारांची मूठ. मूठ वर कलली की एक तार ओढली जाते, विमानाच्या पोटातला तिकोनी पत्रा फिरतो, शेपटीची पट्टी उचलली जाते आणि विमान चढतं. मूठ खाली कलली की उतरतं. विमान त्याच्याभोवती गोल उडतं आणि त्याला विमानाकडं तोंड ठेवून जागच्या जागी गोल फिरावं लागतं. तारा सदा ताणलेल्या पाहिजेत. ढिल्या पडल्या की विमानावर कुणाचंच राज्य राहत नाही.

मी पहिल्याच दिवशी भांडलो. म्हणालो, लढाऊच कशाला? गोऱ्यांचं, साम्राज्याचं विमान. त्यापेक्षा फवारणीचं कर, शेतकऱ्याचं तरी दिसंल.

"ब्रह्मदेशावर हेच उडवलं आपल्या पोरांनी," तो म्हणाला. "विमान गोऱ्यांचं, मरणारे आपले. लिही की त्याच्यावर पत्रक. आणि ते लिहीस्तवर ही फासळी धर."

फासळी म्हणजे पंखाची पातळ आडवी पट्टी. तशा कितीतरी लागायच्या, प्रत्येक वेगळ्या मापाची. हलकं लाकूड कुरियरनं मागवलं, ते कमी पडलं तेव्हा नाकाचा ठोकळा पांगाऱ्याचा कोरला. पंखावर पतंगाचा कागद, त्यावर गाड्या रंगवणाऱ्याकडचं पातळ लॅकर. चाकं म्हणजे जनावरांच्या इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं, ती डॉक्टरच्या कंपाउंडरनं जमवून दिली. तारांसाठी सतारीच्या तारेचं रीळ आणलं. वाद्यांच्या दुकानदारानं विचारलं, "कुठल्या घरंदाज माणसाची सतार हाय?" मित्र म्हणाला, "हवाई दलाची." दुकानदारानं रीळ परत ठेवायला घेतलं होतं.

हे सगळं गॅरेजाच्या मागच्या खोलीत चालायचं. शाळा सुटली की तो यायचा, माझी वणवण संपली की मी. त्याचे अब्बा पुढं मोटारसायकली खोलायचे. मी त्यांना चाचा म्हणतो. मधूनच आत डोकावायचे.

"बेटा, ये उडेगा तो नोकरी पक्की?"

"साहेब बोले हैं, अब्बा."

"साहेब तो बोलते रहते," चाचा म्हणायचे आणि पाना घेऊन परत जायचे.

चाचांना सगळं कळत होतं. पण मुलगा खूश होता. मी त्याला इतका खूश कधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही खूश होतो. मोर्च्यात, उपोषणात, निवेदनं देण्यात अशी मजा नसते. तिथं काही जोडलं जात नाही. इथं एक फासळी चिकटली की चिकटली. मी चळवळीतला माणूस, मला हे लिहिताना लाज वाटायला पाहिजे. वाटत नाही.

अमावस्येला मोंढा बंद असतो. धान्याचा लिलाव नाही, ट्रॅक्टर नाहीत, फरशीचं अख्खं मैदान मोकळं. तिथं आम्ही ते पहिल्यांदा नेलं. दोन-चार हमाल सावलीत पत्ते खेळत होते.

"अमावस्येला इमान काढलं का बे?" एक म्हातारा हमाल म्हणाला. "लिंबू-मिरची बांधा आधी, न्हाई तं पडंल."

"बांधली हाय," मित्र म्हणाला. "ह्यालाच आणलाय." म्हणजे मला.

विमान धरून ठेवायचं काम माझं. इंजिन चालू झालं तेव्हा ते माझ्या दोन्ही हातांत असं थरथरलं, जसं दावं तोडू बघणारं वासरू. इंधनातल्या एरंडेलाचा जळका वास नाकात गेला. मित्र लांब मधोमध उभा. त्यानं मान हलवली, मी सोडलं. ते फरशीवरून धावलं आणि उठलं. उठलं! मित्र फिरत होता, विमान फिरत होतं, हमालांनी पत्ते खाली टाकले. खांद्याच्या उंचीवर, सपाट, एकसारखं. उन्हात त्या तारा दिसतच नव्हत्या, त्यामुळं वाटत होतं की हा माणूस नुसता हात पुढं करून गोल फिरतोय आणि विमान त्याचं ऐकतंय. इंधन संपलं तेव्हा ते सरकत खाली आलं आणि त्या बुचांवर टेकलं. मित्र चक्कर येऊन फरशीवर बसला आणि हसत सुटला. म्हातारा हमाल उठून आला, विमानाला हात न लावता वाकून पाहिलं, म्हणाला, "लई ग्वाड हाय."

तेवढा एक दिवस. पुढं काय झालं ते ठाऊक असूनही तो दिवस आठवला की बरं वाटतं, आणि लगेच बरं वाटेनासं होतं.

गॅदरिंग जानेवारीत होतं. संक्रांतीचा आठवडा. मित्रानं मला आधीच बजावलं होतं, "तू पत्रकवाला हायस हे तिथं कळू देऊ नको. गॅरेजचा माणूस म्हणून चल. आणि काय बी झालं तरी तोंड उघडायचं न्हाई. माझ्या जागेचा सवाल हाय."

मुख्याध्यापकांनी मला गेटवरच न्याहाळलं. "तुमी ते बसस्टँडवर कागद वाटणारे न्हाई ना?"

"न्हाई सर," मित्र म्हणाला. "हा आमच्याकडं पंक्चर काढतो."

कार्यक्रम सकाळचा होता, साहेब दुपारी आले. तोवर पोरं मैदानात उन्हात बसलेली. आल्यावर दीपप्रज्वलन, मग सत्कार. साहेबांचा सत्कार, साहेबांच्या बंधूंचा, पतसंस्थेच्या मॅनेजरचा, सरपंचांचा, ज्यांनी मंडप दिला त्यांचा. शाल, श्रीफळ, हार, टाळ्या. शाल, श्रीफळ, हार, टाळ्या. मी मागं विमान मांडीवर घेऊन बसलो होतो. पतंगाचा कागद उन्हानं असा ताठ झाला होता की बोट लावलं तर ढोलकीसारखा वाजायचा. कुणीतरी येऊन विमानाच्या नाकाला हळद-कुंकू लावून गेलं. एकानं नाकावरच्या पंख्याला झेंडूचा हार घातला, तो मी काढला, मुख्याध्यापकांनी डोळे वटारले, मी परत घातला आणि त्यांची पाठ वळल्यावर परत काढला.

शेवटी सूत्रसंचालकानं माइकवर सांगितलं, "आता आपल्या प्रशालेच्या वतीनं लढाऊ विमानाचं उड्डाण, माननीय साहेबांच्या शुभहस्ते!"

मी मित्राकडं बघितलं. मित्रानं माझ्याकडं. शुभहस्ते?

आम्हाला सुचायला पाहिजे होतं. आमच्याकडं बोअरचं बटण साहेब दाबतात, नवा ट्रॅक्टर पहिल्यांदा साहेब चालवतात, रुग्णालयात पहिलं इंजेक्शन द्यायचं असतं तर तेही साहेबांनीच दिलं असतं. पहिला हात त्यांचाच. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही. विमान उडवायचं तर मूठ साहेबांच्या हातात जाणार, हे आमच्यासारख्या दोन शिकलेल्या माणसांच्या डोक्यात इतक्या दिवसांत एकदाही आलं नाही. आम्ही वजनं, तोल, तारांची लांबी यातच गुंग.

मित्र धावत मधे गेला. मला ऐकू येत होतं.

"साहेब, हे जरा सवयीचं काम हाय. तुमी फक्त मूठ धरा, मी मागून तुमचं मनगट धरतो. आपण दोघं मिळून फिरू."

"सर, लहानपणी लई पतंगा काटल्यात मी," साहेब म्हणाले. "मांजा हातात असला की माणूस इसरत न्हाई. द्या."

"साहेब, पतंगासारखं न्हाई हे. ह्याला ढील देयाची न्हाई, आन् खेचायचं बी न्हाई. फकस्त फिरायचं."

"साहेबांनी इमानातून दिल्ली केलीय," शेजारी उभा असलेला पीए म्हणाला. "तुमी खेळणं शिकिवता का?"

लोक हसले. साहेबांनी मूठ घेतली. पांढरे कपडे, गळ्यात हार, पायाशी श्रीफळाची करवंटी. तोंड मंडपाकडं, कारण फोटोवाला मंडपाजवळ होता. मित्र त्यांच्या मागं उभा राहिला. मनगट धरायच्या तयारीत.

मी इंजिन चालू केलं. ते हातात थरथरायला लागलं. मला सोडायचं नव्हतं. मी मित्राकडं बघून मान नकारार्थी हलवली, त्यानं जोरात होकारार्थी हलवली. परत हलवली. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी निवेदनं घेऊन कलेक्टर ऑफिसात बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. सोड म्हणत होता. मी सोडलं.

ते काळ्या मातीवरून उड्या मारत गेलं आणि उठलं. पाव फेरी सुंदर गेली. मित्रानं हात पुढं करून साहेबांचं मनगट धरलं, आणि पीएनं तोच हात झटकून मित्राला मागं ओढलं.

"ओ सर! साहेबांच्या अंगाला हात कावून लावताव?"

साहेब फिरले नाहीत. ते फोटोवाल्याकडं बघत उभेच. विमान त्यांच्या पाठीमागं गेलं, तारा खांद्यावरच्या हारात अडकल्या, आणि साहेबांनी पतंगवाल्याचा हात दाखवला. वर खेचलं. एकदम, खांद्यापासून, जशी काटाकाटीत खेच मारतात तशी. विमान उभं चढलं, सगळ्यांच्या डोक्यावर गेलं, उलटं झालं. तिथं तारा ढिल्या पडल्या. मित्र ओरडला, "साहेब, मागं! मागं सरका!" साहेब पुढं सरकले, बघायला. ते सरळ खाली आलं आणि नाकावर आदळलं. इंजिन मातीत घुसलं. आवाज बंद.

मी मनात म्हटलं, आता तरी. आता तरी कुणीतरी म्हणेल की हे या माणसामुळं झालं.

सूत्रसंचालक मराठीचा मास्तर होता. तोही तासिकेवरचा. त्यालाही जून दिसत होता. त्यानं माइक तोंडाला लावला आणि म्हणाला, "पाहिलंत मित्रहो! माननीय साहेबांनी शत्रूचं विमान एका फटक्यात जमिनीवर आणलं! जोरदार टाळ्या!"

आणि टाळ्या पडल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. साहेब पोट धरून हसले. हात वर केला, परत टाळ्या.

मित्र मातीत गुडघ्यावर बसून तुकडे गोळा करत होता. मी त्याच्या बाजूला बसलो. तोंड उघडलं नाही. वचन होतं. साहेब जाताना त्याच्यापाशी थांबले, पाठीवर थाप मारली. "झकास झालं सर. मजा आली पब्लिकला. जूनमधी बघू तुमचं."

ढेपेच्या रिकाम्या पोत्यात ते हरिकेन भरून आम्ही मोटारसायकलवरून माजलगावला आलो. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून उभ्या होत्या. वाटेत मी बोललो, जे दिवसभर दाबून ठेवलं होतं ते सगळं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "खूश होते बे ते. तू बघितलं न्हाई का? बघू म्हणले."

मी त्या आठवड्यात पत्रक लिहिलं. माझं सगळ्यात चांगलं पत्रक. त्यानं वाचलं, दोन वेळा वाचलं, आणि हात जोडले. "जून होऊ दे. मग छाप, किती छापायचं ते." मी ठेवून दिलं.

जून झाला. जागा साहेबांच्या पुतणजावयाला गेली. तो बीएड आहे की नाही यावर दोन मतं आहेत. मित्राला कुणी बोलावून सांगितलं नाही. तो स्वतः गेला, तेव्हा क्लार्कनं मान वर न करता सांगितलं, "सर, यंदा तुमचे तास बी न्हाईत. नवीन सर सगळेच घेणार म्हणतेत." तो कायम तर झालाच नाही, पण जे अर्धपोटी होतं तेही गेलं. घरी आला, शर्ट बदलला आणि चाचांच्या शेजारी खोलायला बसला. चाचांनी त्याच्याकडं पाना सरकवला.

मी म्हटलं, आता छापतो.

तो म्हणाला, "छाप की. तुझं पत्रक वाचून कुणाला नोकरी लागली का बे आजपर्यंत? एक नाव सांग."

तरी छापलं. भजी खाल्ली लोकांनी.

हे इथं संपलं असतं तर मी लिहायला बसलोच नसतो. अशा गोष्टी गावोगाव आहेत आणि सगळ्या इथंच संपतात. पण पंधरवड्यापूर्वी त्याला पीएचा फोन आला. साहेबांचा वाढदिवस आहे. मागच्या त्या विमानाचा विषय लोक अजून काढतात, साहेबांच्याही लक्षात आहे. तसंच एक पाहिजे, जरा मोठं. पंखावर साहेबांचं नाव. "दिवाळीनंतर एक जागा निघतीय दुसऱ्या शाळेवर," पीए म्हणाला. "साहेबांच्या कानावर घालतो. मग बघू."

मी परवा गॅरेजावर गेलो तर मागच्या खोलीत दिवा. टेबलावर पुठ्ठा पसरलेला, त्यावर पंखाचा आराखडा. त्यानं मातीतलं इंजिन रॉकेलनं धुऊन, नवी बेअरिंग घालून ठेवलं होतं. तो वाकून पेन्सिलीनं अक्षरं मोजत होता.

"तू खरंच करतोयस?"

"नाव बसंना," तो म्हणाला.

"काय?"

"नाव. पंखावर. आधी 'मा.' मग 'लोकनेते', मग 'शिक्षणमहर्षी', मग नाव, मग आडनाव, मग 'साहेब'. लांबून वाचता आलं पायजे म्हणले."

"लोकनेते काढ."

"ते कावून काढलं म्हणतील." त्यानं खोडरबर फुंकला. "पंख वाढवावा लागंल. चार बोटं इकडं, चार तिकडं."

"मग ते हरिकेन राहत न्हाई."

"न्हाई राहत."

"आणि मूठ कुणाच्या हातात देणार?"

"फोटोपुरती त्यांच्या. मग मला देणार म्हणले."

"कोण म्हणलं?"

त्यानं पुठ्ठ्यावर लांब मोजपट्टी सरकवली. बाहेर चाचा एक मोटारसायकल चालू करून बघत होते, ती चालू होत नव्हती. मी उभाच होतो. रागानं बोलायला माझ्याकडं पुष्कळ होतं, छापलेलं, न छापलेलं. ते सगळं त्याला पाठ होतं. तेच सगळं ऐकूनसुद्धा तो खाली वाकला होता, कारण माझ्याकडं जागा नव्हती आणि साहेबांकडं होती.

"पट्टीचं ते टोक धर," तो म्हणाला. "हलतंय."

मी धरलं नाही. त्यानं क्षणभर वाट पाहिली, मग फळीवरून एक जुना कार्बोरेटर घेतला, पट्टीच्या टोकावर वजनाला ठेवला आणि वाढीव पंखाची रेघ मारली.